तुझंही खरं, माझंही खरं... मग करायचं काय?

‘प्रत्येकाचं आपापलं सत्य असतं यार!’ वाद तापला, की कॉफीच्या टेबलावर हे वाक्य हमखास पडतं. ऐकायला एकदम कूल. पण अप्रेझलचं रेटिंग हातात पडलं, की हेच सत्य जड जातं. बॉस म्हणतो, काम जेमतेम. तुम्ही म्हणता, मी मरमर राबलो. आता?

सत्याच्या अनेक बाजूंचा बारकाईने विचार केला तो जैन पंडितांनी. त्याचं नाव अनेकांतवाद. त्यातला कळीचा शब्द ‘स्यात्’. म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, तर ‘एका दृष्टीने’. १३ व्या शतकातल्या मल्लिषेणांनी साध्या घड्याचं उदाहरण घेतलंय. घडा मातीचा म्हणून आहे, पाण्याचा म्हणून नाही. पाटलीपुत्रात आहे, कनोजात नाही. हिवाळ्यात आहे, वसंतात नाही. काळा म्हणून आहे, लाल म्हणून नाही. द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव अशा चार अटी! संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनाही १९५४ मध्ये यात आपल्या शास्त्राशी नातं दिसलं.

भांडणाआधी हेच चार प्रश्न विचारून बघा. बॉस शेवटच्या तिमाहीबद्दल बोलतोय, तुम्ही वर्षभराबद्दल. तो आकडे बघतोय, तुम्ही जागलेल्या रात्री. निम्मा वाद इथेच विरतो.

पण म्हणून काहीही चालतं का?

मुळीच नाही. एक बाजू ‘एक बाजू’ म्हणून मांडली, तर तो नय. तीच पूर्ण सत्य म्हणून रेटली, की दुर्नय. टार्गेटसाठी ग्राहकाला थाप मारली, तर ती ‘आपली बाजू’ होत नाही, थापच राहते. आणि अनेकांत मानणाऱ्या जैन मुनींचं अहिंसेचं व्रत मात्र पक्कं असतं. तिथे ‘तुझंही खरं’ नाही.

खरी कसोटी घरात लागते. परदेशातली ऑफर आलीय, आई-बाबा थकलेत. तुमचं स्वप्न खरं, त्यांचं एकटेपणही खरं. निर्णय मात्र एकच घ्यावा लागतो. व्हिसाच्या फॉर्मवर ‘स्यात्’चा रकाना नसतो. जा किंवा राहा, पण जे निवडलं नाही ते खोटं ठरवू नका. गेलात, तर आईच्या रडण्याला ‘इमोशनल ब्लॅकमेल’ म्हणू नका. राहिलात, तर हुकलेल्या संधीचं बिल तिच्या नावावर फाडू नका.