नावावर जाऊ नका, चिप वाचा
जुनं साउंड कार्ड निवडताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहिसर-बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये नव्वदच्या दशकातला एखादा पेंटियम अजूनही माळ्यावर सापडतो. तो सुरू करून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ किंवा ‘डूम’ पुन्हा खेळायचं ठरलं, की आवाजाचा प्रश्न येतो. मग कोणी लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घालतं, कोणी चोरबाजारात शोधतं, कोणी नाक्यावरच्या भंगारवाल्याला सांगून ठेवतं. पण ऐकीव माहितीवर घेतलेलं कार्ड पुष्कळदा मुकंच राहतं.

गैरसमज: जुन्या खेळाला साउंड कार्ड हवंच.
वस्तुस्थिती: नेहमीच नाही. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये अनेकांनी खेळलेला ‘डेंजरस डेव्ह’ कॅबिनेटमधल्या छोट्या स्पीकरवरच वाजतो. कितीही महाग कार्ड लावलं तरी त्याचा आवाज बदलणार नाही. ‘प्रिन्स’ मात्र अ‍ॅडलिब आणि साउंड ब्लास्टर ही कार्डं ओळखतो, तिथे फरक लगेच कळतो.

गैरसमज: स्लॉटमध्ये बसलं की वाजलं.
वस्तुस्थिती: डॉसचे बहुतेक खेळ आयएसए स्लॉटमधल्या कार्डाशी थेट बोलतात. हे लांब, काळे स्लॉट २००० च्या सुमारास मदरबोर्डवरून जवळपास नाहीसे झाले. पांढऱ्या पीसीआय स्लॉटमधलं कार्ड, उदाहरणार्थ १९९८ चं साउंड ब्लास्टर लाइव्ह, विंडोज ९८ मध्ये उत्तम चालतं. डॉसमध्ये मात्र ते वेगळ्या प्रोग्रॅमच्या आधाराने साउंड ब्लास्टरचं सोंग घेतं आणि काही खेळ तिथेच अडतात. तेव्हा आधी केस उघडून स्लॉट पाहा, मग बाजारात जा.

गैरसमज: सोळा बिटांचं कार्ड घेतलं की संगीत सुधारतं.
वस्तुस्थिती: बिटांचा संबंध रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी, म्हणजे बंदुकीचे बार, किंकाळ्या, संवाद यांच्याशी असतो. त्या काळातल्या बऱ्याच खेळांचं संगीत यामाहाची एफएम चिप तिथल्या तिथे तयार करते. १९८७ च्या अ‍ॅडलिबवर ओपीएल२ होती, तिच्यात नऊ सूर एकाच वेळी वाजत. पुढे ओपीएल३ आली. संगीताचा पोत ठरतो तो या चिपवरून.

गैरसमज: जितकं नवं आणि महाग, तितकं चांगलं.
वस्तुस्थिती: १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ वर साउंड ब्लास्टर प्रोसाठी लिहिलेला स्टिरिओ आवाज मोनो होऊन येतो. १९९६ च्या एडब्ल्यूई६४ मध्ये यामाहाची ओपीएल३ नाही, साउंड ब्लास्टर बनवणाऱ्या क्रिएटिव्हने स्वतः तयार केलेली नक्कल आहे. जुन्या खेळांचं संगीत तिच्यावर काहीसं निराळं ऐकू येतं. ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड हे कार्ड आपल्यासाठी लिहिलेल्या खेळांत अप्रतिम वाजतं, पण साउंड ब्लास्टरची जागा भरून काढताना धडपडतं.

गैरसमज: ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ म्हणजे दुय्यम माल.
वस्तुस्थिती: ईएसएस १८६८ किंवा यामाहाची ओपीएल३-एसए मालिका असलेली, फारसं नाव नसलेली कार्डं साउंड ब्लास्टर प्रोचा स्टिरिओ नीट वाजवतात. यामाहाच्या चिपमध्ये अस्सल ओपीएल३ असते. ईएसएसची स्वतःची असली तरी तिच्याशी जुळणारी आहे. एक मर्यादा लक्षात ठेवा: साउंड ब्लास्टर १६ ची सोळा-बिटी पद्धत ही कार्डं समजत नाहीत.

गैरसमज: आवाज येत नाही, म्हणजे कार्ड मेलं.
वस्तुस्थिती: बहुधा सेटिंग चुकलेलं असतं. डॉसमध्ये कार्डाचा पत्ता, आयआरक्यू आणि डीएमए हे तीन आकडे खेळाला कळावे लागतात. २२०, ५ आणि १ ही नेहमीची जोडणी. आयआरक्यू ७ लावला, तर तोच क्रमांक वापरणाऱ्या प्रिंटर पोर्टशी भांडण होऊ शकतं. उलट, काही जुने खेळ फक्त ७ च शोधतात. प्लग अँड प्ले कार्ड तर डॉसमध्ये त्याचा प्रोग्रॅम चालवेपर्यंत जागंच होत नाही. आणि मिक्सरमध्ये आवाज शून्यावर नाही ना, तेही पाहा.

गैरसमज: गंज दिसला की कार्ड टाकाऊ.
वस्तुस्थिती: खाडीलगतच्या दमट हवेत मागची लोखंडी पट्टी गंजतेच, त्याने आवाजाला काही होत नाही. स्लॉटमध्ये जाणारे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की पुष्कळदा काम होतं. काळजी करायची ती फुगलेल्या किंवा गळणाऱ्या कपॅसिटरची. तेही बदलून मिळतात.

निष्कर्ष सरळ आहे. खेळ कोणत्या सालचे, हे आधी लिहून काढा आणि त्यावरून कार्ड ठरवा. आयएसए स्लॉट असेल आणि खेळ १९९५ पर्यंतचे असतील, तर यामाहा किंवा ईएसएसचं साधं कार्ड बहुतेकांना पुरेल. विंडोज ९८ च्या खेळांना पीसीआय कार्ड चालेल. विकणाऱ्याकडे कार्डाच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागा, आणि चिपवरचा नंबर वाचता येत नसेल तर पैसे देऊ नका.