छोटा टेम्पो कोणता घ्यावा?

(एकाच कामाच्या दोन वस्तू बाजारात दिसल्या, की आपण सहज विचारतो, 'यांतली चांगली कोणती?' या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नसते. ते कसे शोधावे, हे या पाठात दोन छोट्या मालवाहू गाड्यांच्या उदाहरणाने सांगितले आहे.)

समजा, तुमचे मामू मालेगावला राहतात. यंत्रमागाच्या कारखान्यातून कापडाचे तागे उचलायचे आणि व्यापाऱ्याच्या गोदामात पोचवायचे, हा त्यांचा धंदा. आजवर ते भाड्याचा टेम्पो वापरत. आता त्यांनी थोडे पैसे साठवले आहेत. उरलेल्या रकमेसाठी ते बँकेचे कर्ज काढणार आहेत. एके दिवशी ते तुमच्या घरी येतात. दोन माहितीपत्रके तुमच्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "बेटा, तुला वाचता येतं, हिशेबही येतो. सांग बघू, यांतली कोणती गाडी घेऊ?"

तुम्ही काय सांगाल? चित्रात जी अधिक चमकदार दिसते ती? की जी स्वस्त आहे ती? उत्तर देण्याची घाई करू नका. निवड चुकली, तर मामूंना पुढची चार-पाच वर्षे हप्ते फेडत बसावे लागेल, आणि गाडी मात्र दारात उभी राहील.

पहिले माहितीपत्रक आहे टाटा एस या गाडीचे. ही गाडी २००५ साली पुण्यात तयार झाली. त्यापूर्वी शहरातल्या गल्लीबोळांत माल नेण्यासाठी बहुतेक लोक तीन चाकी मालरिक्षा वापरत. तीन चाकी गाडी स्वस्त असते, चटकन वळते; पण माल जास्त झाला किंवा वळणावर वेग वाढला, की ती कलंडण्याची भीती असते. मोठा ट्रक गल्लीत शिरत नाही. या दोहोंच्या मधली जागा रिकामी होती. ती या चार चाकी छोट्या गाडीने भरून काढली. तिचे पहिले इंजिन ७०२ घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे होते. इंडिका मोटारीच्या चार सिलिंडरांच्या, १४०५ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा तो जणू निम्मा भागच! शक्ती अवघी १६ अश्वशक्ती, पण ओझे मात्र पाऊण टनाचे. एवढीशी गाडी आणि एवढे ओझे. म्हणून लोकांनी तिला नाव दिले 'छोटा हाथी'. दोन वर्षांच्या आतच अशा एक लाख गाड्या विकल्या गेल्या.

दुसरे माहितीपत्रक आहे मारुती सुझुकीच्या सुपर कॅरी या गाडीचे. ही २०१६ साली बाजारात आली. प्रथम ती डिझेलवर चालत असे. २०२० साली वाहनांच्या धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. त्या वेळी या कंपनीने डिझेलची इंजिने बंद केली आणि सुपर कॅरी पेट्रोल व सीएनजी या इंधनांवरच राहिली. छोट्या हाथीचेही पेट्रोलवर चालणारे रूप याच सुमारास आले. म्हणून आपण दोन्हींची पेट्रोलवर चालणारी रूपे शेजारी शेजारी ठेवू. तुलनेचा पहिला नियम हाच: तुलना सारख्याची सारख्याशी करावी. एकीचे डिझेल आणि दुसरीचे पेट्रोल घेऊन बसलो, तर हिशेब चुकेल.

आता वजनापासून सुरुवात करू. टाटा एस गोल्ड या पेट्रोल गाडीची ओझे वाहण्याची मर्यादा ७५० किलोग्रॅम आहे. सुपर कॅरीची मर्यादा आहे ७४० किलोग्रॅम. फरक फक्त दहा किलोचा. पण सीएनजीवर चालणाऱ्या सुपर कॅरीची मर्यादा ६२५ किलोग्रॅमच आहे. असे का? गाडी आणि माल मिळून किती वजन रस्त्यावर न्यायचे, याची मर्यादा ठरलेली असते. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले, की मालाचे वजन उरते. सीएनजीच्या टाक्या जाड पोलादाच्या आणि जड असतात. टाक्यांचे वजन वाढले, तेवढी मालाची जागा गेली.

हा फरक कागदावर लहान वाटतो. तो सिमेंटच्या गोण्यांत मोजून पाहा. एक गोणी ५० किलोची. ७५० किलोच्या गाडीत १५ गोण्या जातात. ७४० किलोच्या गाडीत १४ जातात. ६२५ किलोच्या गाडीत फक्त १२. शंभर गोण्या पोचवायच्या असतील, तर पहिल्या गाडीला सात खेपा लागतील, दुसऱ्या गाडीलाही आठ, आणि तिसऱ्या गाडीला नऊ. सीएनजी स्वस्त पडला, तरी वाढलेल्या खेपांचा खर्च त्यातून वजा करायला हवा.

पण सगळाच माल सिमेंटसारखा जड नसतो. कापसाच्या गाद्या, रिकाम्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या बादल्या असा माल हलका पण फुगीर असतो. अशा वेळी वजनाची मर्यादा येण्याआधीच हौदा भरून जातो. तेथे किलोग्रॅमपेक्षा हौद्याची लांबी-रुंदी महत्त्वाची ठरते. आपल्या दोन गाड्यांत या बाबतीत फारसा फरक नाही. दोन्हींचे हौदे सुमारे २२०० मिलिमीटर लांब आणि १४९० मिलिमीटर रुंद आहेत. म्हणजे साधारण सव्वासात फूट लांब आणि पाच फुटांना थोडे कमी रुंद.

खरा फरक आहे इंजिनात. एस गोल्डचे इंजिन ६९४ घनसेंटिमीटरचे आहे. त्याला दोन सिलिंडर आहेत आणि त्याची शक्ती सुमारे ३० अश्वशक्ती आहे. २०२३ साली आलेल्या नव्या सुपर कॅरीचे इंजिन जवळजवळ १२०० घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे आहे. त्याची शक्ती सुमारे ८० अश्वशक्ती आहे. अडीच पटींहून अधिक! हे वाचून तुम्ही लगेच म्हणाल, "मग दुसरीच गाडी चांगली. प्रश्न मिटला!"

थांबा. शक्ती म्हणजे काय, हे विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला आहात. ठरावीक काम जितक्या कमी वेळात होते, तितकी शक्ती जास्त. तोच माल त्याच चढावर न्यायचा असेल, तर काम तेवढेच असते. मोठे इंजिन ते लवकर करते, छोटे इंजिन सावकाश करते. तेव्हा प्रश्न असा, की मामूंना घाई कोठे आहे? कारखाना ते गोदाम हे अंतर तीन-चार किलोमीटरांचे. वाटेत अरुंद गल्ल्या, हातगाड्या, सायकली, शाळेत जाणारी मुले. तेथे ८० अश्वशक्तीचे इंजिनसुद्धा मुंगीच्या पावलांनीच चालणार. अशा वाटेवर गाडी थोड्या जागेत वळली पाहिजे, हळू वेगातही माल ओढला पाहिजे आणि पेट्रोल कमी प्यायली पाहिजे. वळण्याच्या बाबतीत दोन्ही गाड्या चांगल्या आहेत. मग जास्त शक्तीसाठी जास्त पैसे का मोजावेत?

आता दुसरे उदाहरण पाहा. मामूंचे शेजारी नाशिकहून भाजी घेऊन मुंबईला जातात. रोज लांबचा पल्ला आणि वाटेत कसाऱ्याचा घाट. मोठ्या रस्त्यावर इतर गाड्यांच्या वेगाने चालावे लागते. छोटे इंजिन तेथे सतत पूर्ण जोर लावत राहते. त्याचा आवाज आणि थरथर चालकाला थकवते. चार सिलिंडरांच्या इंजिनात चाकदांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात दोन धक्के मिळतात, दोन सिलिंडरांच्या इंजिनात एकच. म्हणून चार सिलिंडरांचे इंजिन अधिक शांत चालते. या शेजाऱ्यांसाठी मोठ्या इंजिनाची गाडी सोयीची ठरेल.

मात्र एक गंमत लक्षात घ्या. नाशिक उंचावर आहे आणि मुंबई समुद्रकाठी. म्हणजे माल भरून घाट उतरायचा आणि रिकाम्या गाडीने चढायचा! चढताना इंजिनाची परीक्षा असते, उतरताना ब्रेकची. वेग दुप्पट झाला, तर गाडी थांबवायला चौपट अंतर लागते. त्यात ठरल्यापेक्षा जास्त माल भरला असेल, तर ब्रेक तापतात आणि पकड सुटू लागते. म्हणून जाणते चालक उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी चालवतात, इंजिन कधी बंद करत नाहीत आणि गाडी मोकळी सोडत नाहीत. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी मोकळी सोडणे म्हणजे चार पैशांसाठी जीव गहाण टाकणे होय.

ओझ्याविषयी आणखी एक गोष्ट. "छोटा हाथी टनभर सहज उचलतो," असे सांगणारे लोक तुम्हांला भेटतील. गाडी उचलते हे खरे. पण तिच्या कमानपाट्या वाकतात, टायर फुटतात, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणे अवघड होते. दोन खेपांचे काम एका खेपेत केल्याचा नफा एका दुरुस्तीत निघून जातो. ज्या गाडीवर जास्त लादता येते ती चांगली, हा विचारच चुकीचा आहे.

आता किमतीकडे वळू. गाडीची किंमत म्हणजे केवळ दुकानात मोजलेले पैसे नव्हेत. कर्जाचे व्याज, इंधन, विमा, कर, दुरुस्ती आणि टायर हा सगळा खर्च त्यात येतो. शेवटी गाडी विकताना जे पैसे परत मिळतील, ते त्यातून वजा करायचे. एक हिशेब करून पाहा. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. समजा, गाडी रोज ६० किलोमीटर चालते, वर्षातून ३०० दिवस. एकूण १८,००० किलोमीटर झाले. एक गाडी लिटरला २० किलोमीटर जाते. तिला वर्षाला ९०० लिटर लागतील. दुसरी १६ किलोमीटर जाते. तिला १,१२५ लिटर लागतील. फरक २२५ लिटरांचा. लिटरला १०० रुपये धरले, तर वर्षाला २२,५०० रुपये आणि पाच वर्षांत १,१२,५०० रुपये! गाडी घेताना दहा हजारांची सूट मिळाली म्हणून खूश होणारा माणूस हा लाखाचा फरक पाहत नाही.

पण लिटरला किती किलोमीटर, हा आकडा माहितीपत्रकावरून घेऊ नका. तो ठरावीक परिस्थितीत मोजलेला असतो. मालेगावच्या गल्लीत, भर उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीने तो तसाच येईल असे नाही. मग खरा आकडा कोठे मिळेल? टेम्पोच्या थांब्यावर. दोन-तीन वर्षे तीच गाडी चालवणाऱ्या चालकांना विचारा, "चाचा, भरल्या गाडीला किती पडतं?" गॅरेजच्या मिस्त्रींना विचारा, "कोणता भाग लवकर जातो? तो इथे मिळतो का?" गाडी कितीही चांगली असली आणि तिचा एक लहानसा भाग मागवायला आठ दिवस लागत असले, तर त्या आठ दिवसांची रोजी बुडते. विक्रेत्याकडे गाडी चालवून पाहताना ती रिकामी पाहू नका. शक्य असेल तर माल भरून पाहा.

म्हणून मामूंना उत्तर देण्याआधी तुम्हीच त्यांना चार प्रश्न विचारा. माल कोणता? वाट कोणती? रोज किती खेपा? आणि बिघाड झाला, तर दुरुस्ती कोठे? मामू म्हणतील, "माल कापडाचा, वाट गल्लीची, खेपा दहा, आणि मिस्त्री आपल्या मोहल्ल्यातच आहे." मग तुम्ही नि:शंक सांगू शकता, "मामू, तुमच्या कामाला छोट्या इंजिनाची गाडी पुरेशी आहे. तिचा मिस्त्री आणि सुटे भाग जवळ आहेत, एवढी खात्री करा आणि तीच घ्या." शेजाऱ्यांना मात्र तुम्ही दुसरे उत्तर द्याल. दोन्ही उत्तरे बरोबर असतील.

वजन, किंमत, नफा, हिशेब हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. त्यांचा नीट उपयोग केला, तर कष्टाने जमवलेला पैसा वाया जात नाही. पुढे तुम्ही शिलाई यंत्र घ्याल, पाण्याचा पंप घ्याल किंवा सायकल घ्याल. त्या वेळी 'चांगली वस्तू कोणती?' असे विचारू नका. 'माझ्या कामाला चांगली कोणती?' असे विचारा.

शब्दार्थ
तागा – कापडाचे थान. हौदा – टेम्पोत माल ठेवण्याची जागा. खेप – माल नेण्याची एक फेरी. कलंडणे – एका बाजूला आडवे होणे. फुगीर – वजनाने हलका पण जागा व्यापणारा. कमानपाटा – गाडीचे ओझे झेलणारी पोलादी पट्टी. गहाण टाकणे – कर्जासाठी वस्तू तारण ठेवणे. नि:शंक – मनात शंका न ठेवता.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टाटा एस या गाडीला लोकांनी कोणते नाव दिले?
(आ) सीएनजीवर चालणारी सुपर कॅरी कमी माल का नेते?
(इ) घाट उतरताना जाणते चालक काय करतात?
२. मामूंना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना वेगवेगळ्या गाड्या सोयीच्या का आहेत, ते आठ-दहा ओळींत लिहा.
३. 'मुंगीच्या पावलांनी चालणे', 'जीव गहाण टाकणे' यांचा वाक्यात उपयोग करा.
४. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधून लिहा.
५. तुमच्या मोहल्ल्यातील एखाद्या टेम्पोचालकाला भेटा. त्याच्या गाडीचा एका दिवसाचा जमाखर्च विचारून वहीत लिहा.