दही, ताक आणि पोटातील मित्रजंतू

आमच्या देवणीचे नाव दूरवर पोहोचले ते येथल्या गाईमुळे. दही-ताकाचे अप्रूप आम्हाला नाही. तरीही अलीकडे दवाखान्यात मला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : "डॉक्टरसाहेब, बाजारात 'प्रोबायोटिक' म्हणून मिळते ते काय असते? आपले घरचे दही म्हणजे तेच ना?"

याचे उत्तर 'नेहमीच नाही' असे आहे. विरजणातील जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात आणि दूध घट्ट होते. असे जिवाणू प्रकृतीला हितकर असावेत, हा विचार रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १९०७ च्या सुमारास मांडला. पुढे २००१ साली जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 'प्रोबायोटिक'ची व्याख्या केली. जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने पोटात जायला हवेत आणि त्यांचा आरोग्याला लाभ व्हायला हवा. घरोघरचे विरजण निराळे असते. त्यात कोणते जिवाणू किती, हे कोणी मोजलेले नसते. शिवाय कढी उकळली की ते मरतात. म्हणून दही वाईट ठरत नाही. त्यातून प्रथिने व कॅल्शियम मिळते आणि दूध न पचणाऱ्यांनाही ते बहुधा सोसते.

आपल्या देशातही यावर मोलाचे संशोधन झाले आहे. ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांवर निरोगी नवजात बालकांची पाहणी झाली. काहींना ठरावीक जातीचे लॅक्टोबॅसिलस जिवाणू व त्यांचे खाद्य सात दिवस दिले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : इतर बालकांत जंतुदोष वा मृत्यूचे प्रमाण शेकडा ९ होते, ते या बालकांत ५.४ वर आले. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना अशा जिवाणूंपासूनच गंभीर जंतुदोष होऊ शकतो, असा इशारा दिला. तात्पर्य, जिवाणूची जात, मात्रा आणि घेणाऱ्याची प्रकृती या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. तान्ह्या बाळाला अशी पुडी स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये.

मला काळजी वाटते ती वेगळीच. मुलाला जुलाब लागले की काही घरांत नुसत्या ताकावर वा महागड्या पुडीवर दिवस काढला जातो. जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार गेल्यामुळे. म्हणून आधी जलसंजीवनी (ओआरएस) द्या. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती विरघळवा आणि चमच्या-चमच्याने पाजा. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्या. अंगावरचे दूध बंद करू नका. वरचे अन्न खाणाऱ्या मुलाला दही-भात खुशाल द्या.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी थांबू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.