सिकलसेल आणि घरातला पुरुष

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही. त्यामुळे औषधाचा डोस आम्हाला विचारू नका, तो डॉक्टरांना विचारा. पण कुहीत उभं राहून सिकलसेलबद्दल बोलायचं, तर आधी दोन शब्द वेगळे करावे लागतात, आणि ते काम आमच्या विषयाचं आहे. एक शब्द दोष, दुसरा जबाबदारी. आपल्याकडे या आजारात दोष बाईच्या पदरात पडतो आणि जबाबदारीही तिच्याच. पुरुष दोन्हींतून सुटतो. आणि सुटतो म्हणूनच मरतोही लवकर, तपासणीशिवाय.

रक्तातल्या लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं. त्याच्या साखळीतला सहावा दुवा बदलतो, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, बस्स इतकंच. पण प्राणवायू कमी पडला की ती पेशी गोल राहत नाही, विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि माणूस हाडं फुटल्यासारखा ओरडतो. हा बदललेला जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन आले तरच एसएस. एकच आला तर एएस. एएस म्हणजे वाहक, तो एरवी धडधाकट असतो.

म्हणजे लेकरू एसएस निघालं, तर बापाचं रक्त त्यात आहेच. हे साधं गणित आहे. तरी गावात काय ऐकू येतं? ‘पोरीच्या माहेरचं दुखणं आलं.’ लग्न जुळवताना मुलीचा रिपोर्ट मागतात, मुलाचा मागितला तर मानपान दुखावतो. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता एसएसची असते. प्रत्येक गरोदरपणात, हे लक्षात घ्या. ‘पहिलं लेकरू आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब रक्ताला कळत नाही. नाणं मागचा डाव लक्षात ठेवत नाही. अशा जोडप्याला गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. पण नवऱ्याचा पॅटर्नच माहीत नसेल तर ती करायची की नाही, हे ठरवणार कसं?

आता थोडं दूर जाऊ. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या विळ्यासारख्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक काळा तरुण, वॉल्टर क्लेमेंट नोएल. लेखात त्याचं नाव नव्हतं. तो शिकला, परत गेला, दवाखाना चालवला आणि १९१६ साली न्यूमोनियाने गेला, वय अवघं बत्तीस. मग अमेरिकेत हा ‘काळ्यांचा आजार’ ठरला. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की, हा जनुक एकच असेल तर मलेरियापासून बचाव होतो. म्हणजे संबंध डासाचा आहे, कातडीच्या रंगाचा नाही. आपल्याकडेही हाच मुद्दा. नागपुरातून शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दिली. बौद्ध समाजात, गोंडांत तो जास्त सापडतो. जातीतच लग्नं होत राहिली म्हणून तो तिथे टिकला. जातीच्या रक्तात काही कमी आहे असा अर्थ काढणाऱ्याला शास्त्रही कळलेलं नाही आणि जातही.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्याच सुमाराला ते ब्लॅक पँथर आपल्या मोफत दवाखान्यांतून सिकलसेलची तपासणी करत होते. सरकार करत नाही, तर आपण करू, अशी त्यांची भूमिका. आपल्याकडे नाव आलं, त्वेष आला, कविता आली. रक्ततपासणीचा भाग मात्र चर्चेत फारसा आला नाही. विदर्भात त्याची गरज सर्वांत जास्त होती!

त्यांचा पुढचा अनुभवही बघण्यासारखा आहे. १९७२ मध्येच तिकडे कायदा झाला, तपासण्या वाढल्या. पण वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे कुणी नीट समजावलं नाही. वाहकांना नोकऱ्या नाकारल्या, विमा नाकारला. हवाई दलाच्या अकादमीने तर १९८१ पर्यंत दारं बंद ठेवली. समजावल्याशिवाय केलेली तपासणी नवा विटाळ तयार करते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं गेलं. चांगलंच आहे. पण प्रत्येक कार्डामागे समजावणारा माणूस हवा. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून हेच काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता पुरुषांसाठी. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशात काम, नाहीतर पावसाळ्यात धानाच्या बांधीत चिखलात दिवसभर उभं राहणं. पाणी कमी पडणं, गारठा, थकवा, ताप, ही सगळी दुखणं उठवायची कारणं आहेत. बाई विव्हळली तर निदान कुणी विचारतं. पुरुष विव्हळला तर तो अंगचोर, नाहीतर दारूसाठी सोंग करणारा. मग तो खरंच दारूकडे वळतो, आणि दारूने शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. खुबा दुखतो, लंगडतो, लोक म्हणतात वात. कित्येकदा तिथलं हाड रक्त न मिळाल्याने मरत असतं.

सभेत मायबहिणी आहेत, तरी हेही बोलतो. एसएस पुरुषांत, तरुण मुलांतसुद्धा, लिंगाला वेदनेसह ताठरता येते आणि ती तासन्‌तास उतरत नाही. पोरं लाजेने सांगत नाहीत. चार तासांच्या वर गेलं तर कायमचं नुकसान होऊ शकतं. त्याआधीच दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.

हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी दुखण्याचे झटके कमी करते. नागपूरच्या मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन यांनी लहान मुलांत कमी मात्रेवर केलेला अभ्यास नावाजलेला आहे. पण ही गोळी मुळात रक्ताच्या कर्करोगावर वापरली जायची, आजही जाते. मोबाईलवर कुणीतरी ते वाचतं, ‘बापरे, मला कॅन्सर आहे आणि डॉक्टर लपवतात’ म्हणतं, आणि गोळी बंद. तुम्हाला कॅन्सर नाही. मात्र या गोळीने पुरुषाचं शुक्राणूंचं प्रमाण घटू शकतं, म्हणून मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलावं. गोळी चालू असताना ठरलेल्या वेळी रक्त तपासून घ्यावं लागतं. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला कळतं. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, त्याचं प्रमाणपत्र काढून ठेवा. साध्या एसटीत सवलत आहे, तीही विचारा.

शेवटी तपासणीचं. पहिली विद्राव्यतेची चाचणी पॉझिटिव्ह आली तर तिच्यावरून एएस की एसएस ते ठरत नाही, पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. पॅटर्न जन्मभर तोच राहतो, म्हणून कागद सातबाऱ्यासोबत जपून ठेवा. आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगा, दुसऱ्याचं रक्त अंगात असताना सुमारे तीन महिने रिपोर्ट फसवा येऊ शकतो.