ग्राफिक्स कार्ड

संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचे गणित करून ते चित्र पडद्याकडे पाठविणारा स्वतंत्र मंडल-फलक. चित्रप्रक्रियक, त्याची स्वतःची स्मृती, विद्युत् पुरवठ्याचे नियमन करणारी मंडले आणि उष्णता काढून नेणारे पंखे व धातूच्या पातळ पाती हे त्याचे मुख्य भाग होत. लेखन, हिशेब, चित्रपट पाहणे इ. सामान्य कामांना मुख्य प्रक्रियकातच अंतर्भूत असलेली चित्रव्यवस्था पुरते. तथापि उच्च विभेदनाचे त्रिमितीय खेळ खेळण्यासाठी स्वतंत्र कार्ड आवश्यक ठरते आणि अशा संगणकात बहुधा तोच सर्वांत महाग भाग असतो. चुकीची निवड झाल्यास एक तर खेळ अडखळत चालतो किंवा पैसा व वीज यांचा व्यर्थ व्यय होतो. कार्डाचा क्रमांक किंवा किंमत यांपेक्षा, पडद्याला दर सेकंदाला किती पिक्सेल पुरवावयाचे आहेत यावरून निवड करणे, हे यातील मूलभूत तत्त्व होय.

इतिहास : आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकाबरोबर आलेले सीजीए कार्ड ३२० × २०० पिक्सेलांचे चित्र चार रंगांत दाखवू शकत असे. १९८७ मधील व्हीजीए पद्धतीत ६४० × ४८० पिक्सेल व सोळा रंग शक्य झाले. ही कार्डे तयार चित्र पडद्यावर उमटवीत. चित्राचे गणित मुख्य प्रक्रियकालाच करावे लागे. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या १९९६ मधील ‘व्हूडू’ कार्डाने त्रिमितीय आकृतींवर पोत चढविण्याचे काम स्वतःकडे घेतले. एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या ‘जीफोर्स २५६’ या कार्डात आकृतींची भौमितिक रूपांतरणे व त्यांवरील प्रकाशाचे गणितही होऊ लागले. २००१ पासून या प्रक्रियकांना खेळाच्या रचनाकारांनी लिहिलेले छोटे कार्यक्रम देता येऊ लागले. २००६ मध्ये एएमडी कंपनीने एटीआय ही कॅनडातील कंपनी विकत घेतली. २०१८ मध्ये आलेल्या ‘आरटीएक्स’ मालिकेत प्रकाशकिरणांचा मार्ग प्रत्यक्ष गणिताने शोधणारे विशेष भाग होते. २०२२ मध्ये इंटेल कंपनीची ‘आर्क’ ही कार्डे बाजारात आली.

कार्य : खेळातील प्रत्येक वस्तू असंख्य लहान त्रिकोणांची बनविलेली असते. खेळाडूच्या दृष्टिकोनातून हे त्रिकोण सपाट पडद्यावर कोठे पडतील, त्यांनी कोणते पिक्सेल व्यापले जातील आणि पोत, छाया व प्रकाश विचारात घेता प्रत्येक पिक्सेलाचा रंग कोणता असेल, हे क्रमाने ठरविले जाते. एका पिक्सेलाचे गणित शेजारच्या पिक्सेलावर फारसे अवलंबून नसल्याने हजारो लहान गणनघटक एकाच वेळी कामाला लावता येतात. २०२२ मधील ‘आरटीएक्स ४०९०’ या कार्डात असे १६,३८४ घटक आहेत. मुख्य प्रक्रियकात थोडे परंतु बहुगुणी घटक असतात आणि खेळातील पात्रांच्या हालचाली, नियम व प्रत्येक चित्राची आज्ञावली तयार करणे ही कामे तो करतो. [⟶ संगणक].

विभेदन व फ्रेमसंख्या : पडद्यावरील पिक्सेलांच्या आडव्या व उभ्या संख्येवरून विभेदन सांगितले जाते. बाजारात त्यासाठी रेझोल्यूशन हा शब्द रूढ आहे. १९२० × १०८० विभेदनाच्या पडद्यावर सु. २०·७ लक्ष, २५६० × १४४० विभेदनाच्या पडद्यावर सु. ३६·९ लक्ष व ‘फोर-के’ म्हणजे ३८४० × २१६० विभेदनाच्या पडद्यावर सु. ८२·९ लक्ष पिक्सेल असतात. म्हणजे फोर-के पडद्याचे काम पहिल्याच्या चौपट व दुसऱ्याच्या सव्वादोन पट असते.

हलत्या दृश्यातील प्रत्येक स्थिर चित्राला फ्रेम म्हणतात. दर सेकंदाला ६० फ्रेम हव्या असल्यास एका फ्रेमसाठी सु. १६·७ मिलिसेकंद व १४४ हव्या असल्यास केवळ ६·९ मिलिसेकंद मिळतात. फोर-के पडद्यावर ६० फ्रेमना दर सेकंदाला सु. ४९·८ कोटी पिक्सेल लागतात, तर २५६० × १४४० पडद्यावर १४४ फ्रेमना सु. ५३·१ कोटी. दोन्ही मागण्या जवळजवळ सारख्याच आहेत. म्हणून एकाच किंमतीत सूक्ष्मता व गतिमानता यांपैकी कशाला प्राधान्य द्यावयाचे, हे ग्राहकाने आधी ठरविणे इष्ट असते. निसर्गदृश्ये व कथा यांवर भर असलेल्या खेळांत सूक्ष्मता, तर चुरशीच्या नेमबाजीच्या खेळांत गतिमानता अधिक उपयोगी पडते. हा हिशेब स्थूल आहे, कारण प्रत्येक फ्रेममधील काही काम विभेदनावर अवलंबून नसते.

सूक्ष्मतेला डोळ्याचीही मर्यादा आहे. निरोगी डोळ्याला सामान्यतः एक कला (अंशाचा साठावा भाग) इतक्या कोनापर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो, ६० सेंमी. अंतरावर ही मर्यादा सु. ०·१७ मिमी. येते. २७ इंची पडद्यावर २५६० × १४४० विभेदनात पिक्सेलाची रुंदी सु. ०·२३ मिमी. व फोर-के विभेदनात सु. ०·१६ मिमी. असते. यावरून टेबलावरील लहान पडद्यासाठी फोर-केच्या पुढे जाण्यात विशेष लाभ नसल्याचे दिसून येईल.

स्मृती : वस्तूंवर चढवावयाचे पोत, त्रिकोणांची माहिती व अर्धवट तयार झालेली चित्रे कार्डाच्या स्मृतीत ठेवलेली असतात. पूर्ण झालेले फोर-के चित्र केवळ सु. ३३ दशलक्ष बाइट जागा घेते. खरी जागा पोत व मधल्या टप्प्यांतील चित्रे व्यापतात. स्मृती अपुरी पडल्यास माहिती संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावी लागते. तो मार्ग पुष्कळच अरुंद आहे : ‘आरटीएक्स ४०९०’च्या स्वतःच्या स्मृतीतून दर सेकंदाला १,००८ गिगॅबाइट माहिती मिळू शकते, तर पीसीआय एक्सप्रेस ४·० या प्रकारच्या सोळा पदरी जोडणीतून सु. ३२ गिगॅबाइटच. परिणामतः सरासरी फ्रेमसंख्या चांगली असूनही खेळ मधूनमधून अडखळतो किंवा पोत धूसर दिसतात. नव्या खेळांसाठी १९२० × १०८० विभेदनास किमान ८, २५६० × १४४० विभेदनास १२ व फोर-के विभेदनास १६ गिगॅबाइट स्मृती धरून चालणे सुरक्षित असते.

विभेदनवर्धन : एनव्हिडियाची ‘डीएलएसएस’ (२०१८) व एएमडीची ‘एफएसआर’ (२०२१) या पद्धतींत चित्र कमी विभेदनात तयार करून नंतर मोठे केले जाते. ‘डीएलएसएस’च्या ‘क्वालिटी’ श्रेणीत फोर-के पडद्यासाठी मूळ चित्र २५६० × १४४० विभेदनाचे व ‘परफॉर्मन्स’ श्रेणीत १९२० × १०८० विभेदनाचे असते. त्यामुळे मध्यम कार्डावरही फोर-के पडदा वापरता येतो. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालण्याची पद्धत मात्र वेगळी आहे. तिच्यामुळे हालचाल मऊ दिसते. परंतु खेळाडूने कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा विलंब घटत नाही. जाहिरातीतील फ्रेमसंख्येत अशा फ्रेम धरल्या आहेत काय, हे अवश्य पहावे.

विद्युत् शक्ती, उष्णता व जोडणी : कार्डाच्या खाचेतून ७५ वॉट व आठ पिनांच्या एका जोडणीतून १५० वॉट शक्ती घेता येते. ‘आरटीएक्स ४०९०’ची शक्ती ४५० वॉट, तर २०२५ मधील ‘आरटीएक्स ५०९०’ची ५७५ वॉट आहे. दुसऱ्या कार्डावर पूर्ण भाराने रोज चार तास खेळल्यास एकट्या कार्डाला महिन्यास सु. ६९ युनिट वीज लागेल. ही जवळजवळ सर्व ऊर्जा उष्णतारूपाने खोलीतच येते. पंखे कार्डाला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाहीत व कार्ड फार तापल्यास स्वतःची गती कमी करते. म्हणून उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्याही वर जाणाऱ्या विदर्भासारख्या प्रदेशात पेटीतील वायुवीजनाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मोठ्या कार्डांसाठी आलेल्या ६०० वॉटच्या नव्या जोडणीची टोके वितळल्याच्या तक्रारी २०२२ मध्ये आल्या होत्या. अशी जोडणी पूर्ण आत बसली असल्याची खात्री करणे आवश्यक असते. काही कार्डांची लांबी ३० सेंमी.हून अधिक असल्याने पेटीतील जागाही मोजून घ्यावी.

एचडीएमआय २·० जोडणीची क्षमता सेकंदाला १८ गिगॅबिट असून तिच्यातून फोर-के चित्र ६० फ्रेमपर्यंत जाते. १२० फ्रेमसाठी एचडीएमआय २·१ लागते. तिची क्षमता ४८ गिगॅबिटपर्यंत असू शकते. कार्ड, तार व पडदा या तिन्हींपैकी जो भाग सर्वांत दुर्बल असेल त्यावरून फलित ठरते.

नावे व क्रमांक : क्रमांक मोठा म्हणजे प्रत्येक बाबतीत कार्ड सरस, असा नियम नाही. २०२० मधील ‘आरटीएक्स ३०६० टीआय’ची स्मृती सेकंदाला ४४८ गिगॅबाइट माहिती देते, तर २०२३ मधील ‘आरटीएक्स ४०६० टीआय’ची २८८ गिगॅबाइटच, नव्या कार्डात अंतर्गत जलद स्मृती वाढवून ही उणीव काहीशी भरून काढलेली आहे. उच्च विभेदनात मात्र असा फरक अधिक जाणवतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘आरटीएक्स ४०८०’ या एकाच नावाने १६ व १२ गिगॅबाइट स्मृतीची दोन कार्डे जाहीर झाली. त्यांतील गणनघटक अनुक्रमे ९,७२८ व ७,६८० होते. टीका झाल्यावर दुसरे कार्ड पुढील महिन्यात मागे घेण्यात आले व जानेवारी २०२३ मध्ये ते ‘आरटीएक्स ४०७० टीआय’ या नावाने आले.

निवडीची पद्धत : प्रथम पडद्याचे विभेदन व त्याची फ्रेमसंख्या पहावी. नंतर प्रत्यक्ष खेळावयाचे खेळ ठरवून त्याच विभेदनातील स्वतंत्र चाचण्यांचे आकडे तपासावेत. सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेगही पहावा, कारण अडखळणे त्यातूनच कळते. जुन्या संगणकात नवे कार्ड बसविण्यापूर्वी एक सोपी कसोटी घेता येते : खेळाचे विभेदन कमी करूनही फ्रेमसंख्या वाढत नसेल, तर अडथळा मुख्य प्रक्रियकाचा असतो व नवे कार्ड घेऊन उपयोग होत नाही. फ्रेमसंख्या वाढत असेल, तर मर्यादा कार्डाचीच असते. अपेक्षित फ्रेमसंख्या देणारी व पुरेशी स्मृती असलेली जी कार्डे उरतील, त्यांतील पेटी व विद्युत् पुरवठा यांना मानवणारे सर्वांत स्वस्त कार्ड घेणे हितावह ठरते. छाया व प्रतिबिंबे यांची श्रेणी एक-दोन पायऱ्यांनी उतरविल्यास दृश्यात अल्प फरक पडून फ्रेमसंख्या पुष्कळदा बरीच वाढते. त्यामुळे सर्वोच्च श्रेणीतील आकड्यांसाठी अधिक महाग कार्ड घेण्याची गरज सामान्य खेळाडूला क्वचितच पडते.