प्रशिक्षक ठेवावा की काढावा?

राष्ट्रीय फुटबॉल संघ हरला की पहिली कुऱ्हाड प्रशिक्षकावर कोसळते. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लावियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. अनेक खेळाडू अनवाणी खेळले. हा दोष एकट्या रहीमसाहेबांचा कसा म्हणावा? पुढे बूट सक्तीचे झाले. सुदैवाने रहीमसाहेबांनाही दूर लोटले गेले नाही. १९५६ साली मेलबर्नला त्यांच्याच संघातील गोमंतकीय वंशाच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले, आणि भारत चौथा आला. १९६२ साली जाकार्ताला आशियाई सुवर्णपदक!

इगोर स्टिमाच यांना २०२४ साली काढले. त्यांना पाच वर्षे तरी लाभली होती. मानोलो मार्केझ मात्र गोव्याचा क्लब सांभाळून आठच सामने संघाबरोबर राहिले. विजय एकच मिळाला खरा. परंतु अर्धवेळ नेमणुकीचा जाब नेमणाऱ्यांनीच द्यावयास हवा होता.