मॉरिशसमधील कार्यशील वयोगटाचे प्रमाण

मॉरिशसमधील कार्यशील वयोगटाचे प्रमाण म्हणजे हिंदी महासागरातील मॉरिशस या द्वीपराष्ट्राच्या एकूण लोकसंख्येत १५ ते ६४ वर्षे वयाच्या व्यक्तींचा शेकडा हिस्सा होय. १९६०च्या दशकाच्या आरंभी हे प्रमाण निम्म्याहून थोडेच अधिक, म्हणजे ५२ टक्क्यांच्या आसपास होते. २०१०च्या दशकात ते ७० ते ७१ टक्क्यांपर्यंत चढले आणि त्यानंतर उतरणीस लागले. सुमारे २,०४० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या देशात हा बदल एका पिढीच्या आयुष्यात घडून आल्यामुळे लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासात मॉरिशसचे उदाहरण वारंवार दिले जाते. कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज येथील मराठी समाजात असल्याने मराठी वाचकांना या बेटाविषयी वेगळे कुतूहलही आहे.

व्याख्या

आंतरराष्ट्रीय आकडेवारीत १५ ते ६४ हा गट कार्यशील मानतात. भारतीय जनगणनेच्या विश्लेषणात मात्र बहुधा १५ ते ५९ हा गट घेतला जातो. त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी वयोमर्यादा पाहून घेणे आवश्यक असते. विद्यार्थ्यांकडून ही चूक फार वेळा होते. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षे व त्यावरील वृद्ध यांना अवलंबित लोकसंख्या म्हणतात. कार्यशील गट ५२ टक्के असेल, तर दर १०० कार्यशील व्यक्तींमागे सुमारे ९२ अवलंबित येतात; तोच गट ७१ टक्के झाला की ही संख्या ४१ वर येते.

‘कार्यशील’ हा शब्द येथे केवळ वयाचा निर्देश करतो. या गटातील बेरोजगार, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांचीही गणना त्यात होते.

करारबद्ध मजुरांचा काळ

गुलामगिरीच्या उच्चाटनानंतर उसाच्या मळ्यांसाठी १८३४पासून भारतातून करारबद्ध मजूर आणले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय पोर्ट लुई येथे उतरले. ते जेथे उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व आसपासच्या भागांतील मराठी भाषक होते. मळेवाल्यांना हवे होते ते राबणारे हात. म्हणून आलेल्यांत तरुण पुरुषांचा भरणा मोठा होता, आणि स्त्रियांचे प्रमाण वाढविण्यासाठी पुढे नियम करावे लागले. त्या काळातील वयोरचना बेटावरील जन्म-मृत्यूंपेक्षा जहाजांनीच अधिक घडविली, असे म्हणता येईल. स्थिर कुटुंबे उभी राहिल्यानंतर हे चित्र पालटले.

हिवताप निर्मूलन आणि मुलांचे वाढते प्रमाण

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या फवारणीने हिवतापाचा जोर मोडला आणि मृत्युदर झपाट्याने घटला. त्याचा सर्वाधिक लाभ अर्भकांना व बालकांना झाला. जन्म मात्र पूर्वीच्याच वेगाने होत राहिले. १९६०च्या सुमारास एका स्त्रीमागे सरासरी सहा मुले होत. परिणामी लोकसंख्येत मुलांचा वाटा ४५ टक्क्यांच्या घरात गेला आणि कार्यशील गटाचे प्रमाण आक्रसले. आरोग्य सुधारले की कमावत्यांचे प्रमाण वाढेल, अशी आपली सहज समजूत असते. पहिल्या टप्प्यात घडते ते नेमके उलट.

याच सुमारास दोन अहवाल सिद्ध झाले. रिचर्ड टिटमस व ब्रायन एबल-स्मिथ यांनी सामाजिक धोरण व लोकसंख्यावाढ यांचा, तर जेम्स मीड यांनी अर्थव्यवस्थेचा अभ्यास केला. जननदर तसाच राहिल्यास शतकाअखेर लोकसंख्या तीस लाखांकडे जाईल, असा इशारा टिटमस अहवालाने दिला. मीड यांना १९७७मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण मॉरिशसच्या भवितव्याविषयीचा त्यांचा निराश सूर खरा ठरला नाही. २०००च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या बारा लाखांहूनही कमी भरली.

जननदरातील घट

हे भाकीत चुकले याचे मुख्य कारण जननदरातील घसरण हे होय. मॉरिशस कुटुंबनियोजन संघटना १९५७मध्ये स्थापन झाली होती. कॅथलिक धर्मसंस्थेचा कृत्रिम साधनांना विरोध असल्याने नैसर्गिक पद्धतींचा प्रसार करणारी ‘आक्सियों फामिलियाल’ ही स्वतंत्र संस्था १९६३मध्ये निघाली. दोन्ही मार्ग खुले राहिल्यामुळे बहुधर्मी समाजात या कार्यक्रमाला फाटे फुटले नाहीत. १९६२ ते १९७२ या दहा वर्षांत सरासरी अपत्यसंख्या सहाच्या जवळून साडेतीनच्या खाली आली. सक्ती न करता एवढ्या अल्पावधीत झालेली अशी घट त्या काळी जगात विरळाच होती. मुलींचे शिक्षण व विवाहाचे वाढते वय यांचाही त्यात मोठा वाटा होता. माध्यमिक शिक्षण १९७७पासून निःशुल्क झाले.

जन्म कमी झाले म्हणून कामाची माणसे लगेच वाढत नाहीत. आधी फक्त मुलांचा वाटा घटतो. त्याच वेळी १९५०-६०च्या दशकांत जन्मलेली मोठी पिढी पंधरा वर्षांची वेस ओलांडत होती. या दोहोंच्या मिळून परिणामाने कार्यशील गटाचे प्रमाण १९८०पर्यंत सुमारे ६० टक्के व १९९०पर्यंत सुमारे ६६ टक्के झाले.

रोजगाराशी संबंध

या वाढीला ‘लोकसंख्याशास्त्रीय लाभांश’ म्हणतात. पण लाभांश आपोआप पदरात पडत नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी प्रमाण वाढलेले असूनही सुमारे पाचवा हिस्सा श्रमिक बेकार होते. निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा १९७०मध्ये झाला होता. मात्र कपड्यांचे कारखाने मोठ्या संख्येने उभे राहिले ते १९८०च्या दशकातच. तेथे प्रामुख्याने तरुण स्त्रियांना काम मिळाले. दशकाच्या अखेरीस बेकारी जवळजवळ संपली, इतकी की पुढे परदेशातून मजूर आणावे लागले. जे बेट मजुरांच्या जहाजांनी वसले, तेथे आज बांगलादेश, भारत, नेपाळ व मादागास्कर येथून कामगार येतात.

उतरण आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न

कारखान्यांत भरती झालेली ती मोठी पिढी २०१०च्या दशकापासून साठीत प्रवेश करू लागली. तिच्यामागून येणाऱ्या पिढ्या लहान आहेत. सरासरी अपत्यसंख्या आता दीडच्याही खाली गेली आहे. २०११ व २०२२ या जनगणनांच्या दरम्यान एकूण लोकसंख्या सुमारे १२.३७ लाखांवरून १२.३५ लाखांवर, म्हणजे किंचित घटली.

मॉरिशसमध्ये १९५८पासून उत्पन्नाची अट न घालता सर्व वृद्धांना निवृत्तिवेतन दिले जाते. त्यासाठीची वयोमर्यादा दीर्घकाळ ६० वर्षे होती. नोकरीतून निवृत्त होण्याचे वय २००८पासून टप्प्याटप्प्याने ६५ करण्यात आले, तरी या मूळ निवृत्तिवेतनाला हात लावला गेला नव्हता. जून २०२५च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान नवीन रामगुलाम यांच्या सरकारने ही मर्यादाही क्रमाक्रमाने ६५ करण्याचे जाहीर केले, आणि त्याविरुद्ध निदर्शने झाली. सरकारपुढे घटत्या करदात्यांचा हिशेब होता, तर साठीला टेकलेल्या कामगारांना आयुष्यभर गृहीत धरलेला आधार पाच वर्षे दूर गेल्याचे दुःख होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच लोकसंख्या मनोऱ्यातून निघालेले आहे.

कोकणाशी तुलना

मराठी मजुरांच्या मूळ प्रदेशातही वयोरचना बदलली आहे, परंतु निराळ्या कारणाने. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. येथे जननदराबरोबरच मुंबईकडे होणारे तरुणांचे स्थलांतर निर्णायक आहे. रत्नागिरीत २०११मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, यावरून पुरुष मोठ्या संख्येने बाहेर आहेत हे ध्यानात येते. महाराष्ट्रात त्या वर्षी ६० वर्षे व त्यावरील व्यक्ती ९.९ टक्के होत्या. भारताची सरासरी ८.६ टक्के होती.